झाकण गळत नाही म्हणून मिक्सरचं कौतुक होत नाही

प्रश्न: आम्ही मिक्सर बनवतो. ग्राहकांना काय महत्त्वाचं ते विचारलं, तर सगळ्यालाच दहापैकी नऊ गुण मिळतात. मग आधी काय करायचं?

महत्त्व विचारूच नका. जपानच्या नोरिआकी कानो यांची १९८४ सालची पद्धत वापरा. मिक्सरच्या प्रत्येक गुणासाठी, म्हणजे वैशिष्ट्यासाठी, दोन प्रश्न: ‘चटणी वाटताना झाकणातून थेंबही बाहेर आला नाही तर?’ आणि ‘ओट्यावर सांडली तर?’ पर्याय पाचच: आवडेल, असंच असायला हवं, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. ‘असंच असायला हवं’ आणि ‘आवडणार नाही’ ही जोडी आली, तर ती मूलभूत गरज. ती पुरी केल्याचं श्रेय मिळत नाही, चुकली तर मिक्सर परत येतो. ‘आवडेल’ आणि ‘आवडणार नाही’ म्हणजे जितकं जास्त तितकं समाधान. ‘आवडेल’ आणि ‘फरक पडत नाही’ म्हणजे आनंददायी. दोन्हीकडे ‘फरक पडत नाही’ आलं, तर त्यावर पैसा घालू नका. आधी मूलभूत गरजा निस्तरा.

प्रश्न: बऱ्याच जणांनी दोन्ही प्रश्नांना ‘आवडेल’ लिहिलं. असं कसं?

दोष बहुधा प्रश्नात असतो. ‘झाकण घट्ट नसलं तरी गळत नसेल तर’ अशी दुहेरी नकारार्थी वाक्यं माणूस नीट वाचत नाही. ‘घट्ट आणि काढायला सोपं’ यात तर दोन गुण एकत्र आले. वॅटही विचारू नका. सुकं खोबरं किती वेळात बारीक होतं ते विचारा. दोन्हीकडे ‘आवडेल’ लिहिलेली उत्तरं मोजणीतून काढा. फारच असतील तर प्रश्न नव्याने लिहा.

प्रश्न: एकाच गुणावर मतं फुटली तर?

समजा झाकण न गळण्याबद्दलच्या ५० उत्तरांत मूलभूत २२, जितकं-जास्त १४, आनंददायी ८, उदासीन (दोन्हीकडे ‘फरक पडत नाही’) ६. नुसतं ‘मूलभूत’ लिहून थांबलात, तर बाकीचे २८ जण दिसेनासे होतात. गुण दिल्याने समाधान किती वाढेल: (८+१४)/५० = ०.४४. न दिल्याने नाराजी किती: (१४+२२)/५० = ०.७२, ही मात्र उणे चिन्हासह लिहायची. इथे नाराजीचं पारडं जड आहे, म्हणजे आधी गळती थांबवायची. त्याआधी उत्तरं गटांनुसार वेगळी करून पाहा. रोज ओलं वाटण करणारं घर आणि महिन्यातून एकदा मसाला दळणारं घर यांची सरासरी दोघांच्याही कामाची नसते.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वीचं वर्गीकरण चालेल का?

नाही. टीव्हीचा रिमोट एकेकाळी नवलाईचा होता. आज रिमोटशिवाय टीव्ही कुणी घरी नेणार नाही. आनंददायी गुण असेच खाली सरकतात. प्रत्येक नव्या मॉडेलआधी निदान तेवढे गुण तरी पुन्हा विचारा.