भावाला न्यायालयात काय चालले आहे हेच कळत नाही. मग खटला चालेल का?

तुमचे पत्र वाचले. स्किझोफ्रेनियाचे उपचार मध्येच सुटलेल्या तुमच्या धाकट्या भावावर शेजाऱ्याला कोयत्याने गंभीर दुखापत केल्याचा आरोप आहे आणि तो न्यायालयीन कोठडीत आहे. दोषारोप वाचून दाखवून ‘गुन्हा कबूल आहे का’ असे न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा तो भिंतीकडे पाहत स्वतःशीच पुटपुटत राहिला, असे तुम्ही लिहिता. डॉक्टरांचा दाखला हजर केला की प्रकरण मिटते, असे तुम्हाला कोणी तरी सांगितले आहे. कृपया त्या भरवशावर राहू नका.

घटनेच्या वेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे कळण्यास तो असमर्थ होता का, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा आहे. त्याचा निर्णय पुरावा झाल्यावर होतो आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. आज तो वकिलाला माहिती देऊ शकतो का, साक्षीदार काय बोलतो आहे हे त्याला समजते का, म्हणजेच स्वतःचा बचाव करण्यास तो समर्थ आहे का, हा प्रश्न मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६८ चा आहे आणि तशी शंका दिसल्यावर न्यायालयाने तो आधी सोडवलाच पाहिजे. तो उपस्थित करणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे नव्हे.

तेव्हा पुढच्या तारखेलाच वकिलांकडून लेखी अर्ज द्या. न्यायालयाने वैद्यकीय पुराव्याबरोबर इतर पुराव्याचाही विचार करायचा असतो. म्हणून जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, कारागृहातील डॉक्टरांच्या नोंदी आणि तुमची स्वतःची साक्ष, हे सगळे उपयोगी पडेल. नुसते निदान पुरत नाही, कारण औषधे नियमित घेणारे कितीतरी रुग्ण खटला नीट समजू शकतात. त्याची तपासणी शासकीय रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारतज्ज्ञ वा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे सोपवली जाते, आणि निष्कर्ष मान्य नसल्यास वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते.

असमर्थता सिद्ध झाली, तर न्यायालय आरोपीला काहीही न विचारता केवळ वकिलाचे म्हणणे ऐकून फिर्यादी पक्षाचा पुरावा पाहते. प्रथमदर्शनी प्रकरणच दिसत नसेल तर आरोपमुक्ती होते. तुमच्याकडे जखमी व्यक्ती आणि प्रत्यक्षदर्शी दोन्ही असल्याने ती आशा मी दाखवणार नाही. बहुधा उपचारांपुरता खटला तहकूब होईल.

माझ्या मते खरा धोका याच टप्प्यावर असतो. आसामचे मचल लालुंग १९५१ मध्ये अटकेत गेले आणि मानसिक आजाराच्या कारणावरून खटल्याविनाच २००५ पर्यंत बंदिस्त राहिले. त्यांच्या बाजूने पाठपुरावा करणारे कोणी नव्हते. तुमच्या भावासाठी तुम्ही आहात, म्हणून त्याच संहितेच्या कलम ३६९ खालील सुटकेचा अर्ज सोबतच द्या. गुन्हा अजामीनपात्र असला तरी, रुग्णालयात ठेवून उपचार करणे आवश्यक नसेल आणि जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार घेण्याची व तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी नातेवाइकाने दिली, तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडायचे असते. ही हमी केवळ सहीपुरती नसते. औषधे कोण देणार, रुग्णालयात कोण नेणार आणि तो शेजाऱ्यांपासून दूर कुठे राहणार, हे घरात आधी ठरवूनच ती द्या. हमी देणे शक्य नसेल, तर त्याला कारागृहाऐवजी नियमित मनोविकार उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवण्याची मागणी करा.

तो बरा झाला की खटला पुन्हा सुरू होईल आणि तेव्हा कलम २२ चा बचाव मांडावा लागेल. त्यासाठी घटनेच्या आधीच्या महिन्यांतील उपचारांचे कागद लागतील. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ नुसार ते मिळवण्याचा त्याला हक्क आहे, तेव्हा रुग्णालयाकडे आताच लेखी मागणी करा. वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतील व्यक्तीला तेथून मोफत वकील मिळतो.