गाडीचं विचारा : ग्वाल्हेरच्या उन्हात पातळ ऑइल चालतं का?

प्रश्न : नमस्कार काका, मागच्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात रोड टॅक्सवर ५० टक्के सूट होती म्हणून नवीन पेट्रोल हॅचबॅक घेतली. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ऑइल लिहिलंय. पण घरच्या गाड्या इतकी वर्षं बघणारे मिस्त्री म्हणतात की हे पाण्यासारखं ऑइल थंड देशांसाठी असतं, इथे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, २०डब्ल्यू-५० टाका नाहीतर इंजिन घासेल. बाबांनाही तेच पटतंय. काय करू? (एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : मॅन्युअलमध्ये आहे तेच टाक. आता का ते नीट सांगतो, कारण बाबांना नुसतं "काका म्हणाले" सांगून पटायचं नाही.

बाहेर मे मधले ४६ असोत की जानेवारीतले ४, इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट कूलंटला ९० डिग्रीच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते ११० मध्ये फिरत राहतं. म्हणजे बाड्याच्या चौकात आपल्याला जी लू लागते ती बेअरिंगपर्यंत जवळपास पोचतच नाही, तिथे आधीच तिच्या दुप्पट गरम आहे, आणि कंपनीने ग्रेड (म्हणजे ०डब्ल्यू-२० सारखा जाडीचा आकडा) ठरवलाय तो त्या आतल्या गरमीसाठी. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० डिग्रीला मोजतात. २० म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकं ऑइल जाड), ३० म्हणजे ९.३ ते १२.५, आणि ५० म्हणजे थेट १६.३ ते २१.९, म्हणजे तुझ्या इंजिनाला हवं त्याच्या दुप्पट जाड.

आता डब्ल्यू. तो विंटरचा. ०डब्ल्यूची गार स्टार्टची टेस्ट उणे ३५ ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मिस्त्री म्हणतील, ग्वाल्हेरात कुठे उणे होतं? बरोबर आहे, नाही होत. पण एक गोष्ट सगळे विसरतात, की ऑइल उन्हाळ्याच्या सकाळीसुद्धा इंजिनाच्या हिशोबाने गारच असतं. ४० डिग्रीला ०डब्ल्यू-२० साधारण ४५ सेंटिस्टोकच्या आसपास भरतं, गरम इंजिनात असतं त्याच्या पाचपट जाड, आणि २०डब्ल्यू-५० तर दीडशेच्या वर जातं. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरलेलं असतं, सकाळी चावी फिरवल्यावर ते वर हेडपर्यंत चढेस्तोवर जे काही सेकंद जातात तेव्हाच झीज जास्त होते, त्यामुळे "पातळ" ऑइल जे लवकर पोचतं तेच तिथे इंजिन वाचवतं. शिवाय आजकालच्या इंजिनात बेअरिंगच्या फटी बारीक, व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आणि चेन टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) ऑइलच्या प्रेशरवर चालतात, ते सगळं याच पातळपणाचा हिशोब धरून बनवलंय.

मी स्वतः एका हिवाळ्यात ५डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० भरून घेतलं होतं, गॅरेजवाल्याने फार भरवशाने सांगितलं म्हणून. रोज सकाळी स्टार्ट केलं की अर्धा मिनिट टक टक टक, आणि अ‍ॅव्हरेजही पडलं. पुढच्या सर्व्हिसला परत ५डब्ल्यू-३० टाकलं आणि आवाज गेला. ती टक टक ऐकून जीव तुटायचा हो, म्हणून एवढं लिहितोय.

मिस्त्रींचं काही अगदीच खोटं नाही, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जाड ऑइल चालायचं आणि त्यांनी तेच आयुष्यभर टाकलंय. आणि हो, काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या टेंपरेचरप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, तसा असेल तर भरल्या गाडीने उन्हाळ्यात लांब जाताना त्यातला एक पायरी जाड घ्यायला हरकत नाही, पण तक्त्याबाहेर जाऊ नको, वॉरंटीचा प्रश्न येतो. डब्ब्यावर एपीआय एसपी (ऑइलच्या दर्जाचा शिक्का) लिहिलंय का ते पण बघ, हे २०२० मध्ये आलेलं आहे आणि यात टायमिंग चेनच्या झिजेची टेस्ट घेतात.

प्रश्न : आमची बीएस६ डिझेल एसयूव्ही आहे. दुकानदार जुन्या डिझेल गाड्यांचं ५डब्ल्यू-३० स्वस्तात देतोय, म्हणतो ग्रेड तर तोच आहे. घेऊ का? (एक वाचक, मुरार)

उत्तर : नको ताई. ग्रेड म्हणजे फक्त जाडी, त्यात काय काय मिसळलंय ते ग्रेड सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे धुराचे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांत धूर गाळायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी गाडी हायवेला जरा वेळ चालली की जळून जाते, पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख काही जळत नाही, ती तिथेच बसते आणि फिल्टर हळूहळू चोक होतो. म्हणून लो अ‍ॅश ऑइल लागतं, डब्ब्यावर एसीईए (युरोपातला ऑइलचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काहीतरी असेल, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे आहे तेच अक्षर जुळवून घ्या. ऑइलमध्ये वाचलेले पैसे डीपीएफपुढे काहीच नाहीत. आणि नवं ऑइल थोड्याच दिवसात काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये ते काजळीने होतंच.

प्रश्न : कारचं अर्धा लिटर ऑइल उरलंय, बाइकमध्ये टाकलं तर? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : टाकू नका. बहुतेक गिअरवाल्या बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या अ‍ॅडिटिव्हने तो स्लिप व्हायला लागतो. बाइकला जासो (जपानी दर्जाचा शिक्का) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घ्या. उरलेलं झाकण घट्ट लावून कारसाठीच ठेवा, डिपस्टिकवर लेव्हल खाली दिसली की थोडं थोडं टॉप-अप करा, पण वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त झालं की क्रँक त्याला घुसळून फेस करते.