इंग्लंडच्या शाळेत मुलीला 'आरई'च्या तासाला बसवावं का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात पुण्याहून लेस्टरला येताय, मुलगी आठ वर्षांची आहे, आणि शाळेच्या माहितीत 'रिलिजस एज्युकेशन' म्हणजे 'आरई' हा विषय दिसल्यापासून आजी-आजोबांनी धसका घेतलाय की पोरीला तिकडे ख्रिश्चन करतील. तिला त्या तासातून काढून घेता येतं का, असं विचारलंय.

येतं. शाळेला पत्र द्यायचं, कारणसुद्धा सांगावं लागत नाही. कायद्यानं तो पालकांचा हक्क आहे. पण काढू नका असं मी म्हणेन. मी इथे बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते आणि आरई (इथे सगळे असंच म्हणतात) मलाच घ्यावं लागतं.

धसक्याचं आधी बघू. १९४४ च्या कायद्यानं सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं झालं, तेव्हा शब्द 'इन्स्ट्रक्शन' होता. १९८८ च्या कायद्यात त्याचं 'एज्युकेशन' झालं. ख्रिस्ती परंपरेला मुख्य जागा, पण देशातल्या बाकीच्या प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही अभ्यासक्रमात हवेत, असं त्यात लिहिलंय. आपल्याकडे घटनेच्या २८ व्या कलमानं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, म्हणून हा विषय वेळापत्रकात बघूनच आपण बिचकतो.

गंमत म्हणजे आरई सक्तीचं असूनही राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, शाळांसाठी तो त्या त्या गावची काउन्सिलच ठरवते. त्यासाठी चार गट बसतात: चर्च ऑफ इंग्लंडचा एक, इतर ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्म मिळून एक, शिक्षक संघटनांचा एक, काउन्सिलचा एक. चौघांचं एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम पुढे जात नाही आणि दर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासावा लागतो. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये ख्रिश्चन साधारण २५ टक्के, मुस्लिम २३ च्या वर, हिंदू १८ च्या आसपास, आणि कुठलाच धर्म न मानणारे २३ च्या जवळपास. अशा गावात धर्मांतराचा अभ्यासक्रम कोण कुणाच्या गळी उतरवणार! शाळा चर्चशी जोडलेली असेल तर मात्र नियम वेगळे असू शकतात, ते प्रवेशाआधी विचारा. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना ही आरईपेक्षा वेगळी बाब. त्यातूनही वेगळं काढून घेता येतं.

आता खरी अडचण. ती तुमच्या घरच्यांना वाटते ती नाहीच.

माझ्या दुसऱ्या वर्षी दिवाळीचा धडा होता. राम, सीता, रावण, पणत्या, रांगोळी. गुजराती पोरं माना डोलावत होती. रत्नागिरीकडच्या घरातली एक मुलगी उठून म्हणाली, आमच्याकडे पहाटे उटणं लावून अंघोळ करतात, पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडतात, तो नरकासुर असतो. आणि बाबा मातीचा किल्ला करतात, त्यावर शिवाजी महाराज. मी स्वतः कारीट फोडत मोठी झालेली, आणि मी तिला काय म्हणाले? "आपण नंतर बोलू हं." कारण धड्यात ते नव्हतं आणि पुढे वर्कशीट भरायची होती. तो 'नंतर' कधी आला नाही.

आरईतला धोका हा आहे. सगळे धर्म इस्त्री करून घडी घातल्यासारखे मुलांपुढे येतात. हिंदू म्हणजे हे, मुस्लिम म्हणजे ते. मग वर्गातल्या एकुलत्या एका मुलाकडे सगळे वळतात, जणू तो अख्ख्या धर्माचा वकील.

याच्या उलट घडलेलंही सांगते. बौद्ध धर्माचा पाठ चालू होता, तिबेटी पताका आणि ध्यानाला बसलेले भिक्खू असलेली चित्रं. नागपूरकडच्या घरातला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो. शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी हे नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्यांनी 'नंतर' म्हटलं नाही. मुलाच्या आईला बोलावलं. तिनं १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस सांगितला, दीक्षाभूमी, लाखो माणसं, पांढरे कपडे. नऊ वर्षांच्या पोरांनी काय विचारलं असेल? "आधीच्या धर्मात त्यांना काय त्रास होता?" आईनं जात म्हणजे काय ते सांगितलं, पाण्याच्या उदाहरणानं. मी मागे उभी होते. गुजराती, पंजाबी, मराठी, सगळ्या घरांतली मुलं ऐकत होती, आणि काहींना ते घरी जाऊन विचारावंसं वाटलं असणार. वर्कशीट कोरीच राहिली.

म्हणून तास सोडवू नका, त्यात शिरा. कुठल्या वर्षी कुठले धर्म घेतात ते विचारा. बहुतेक शाळांच्या वेबसाइटवर असतं. वर्गात येऊन काही दाखवायची तयारी सांगा, शिक्षक खूश होतात. आणि मुलीला एवढंच शिकवा की "हिंदू असं करतात" म्हणायचं नाही, "आमच्या घरी असं करतात" म्हणायचं.

आरईनं दंगे टळतात असा दावा मी करणार नाही. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे हिंदू-मुस्लिम तरुणांमध्ये जे झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्या दिवसांत एकदा एका मुलानं मला विचारलं, "मिस, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी आम्ही अपूर्णांक केले. आरई घेतलं ते गुरुवारी, आणि तेव्हा त्यानं तो प्रश्न परत विचारला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

एक विनंती. येताना सामानात जागा असेल तर एक छोटी पितळी घंटा आणा. शाळांमध्ये प्रत्येक धर्माच्या वस्तूंची एकेक प्लॅस्टिकची पेटी असते. आमच्या हिंदू पेटीतल्या घंटेचा लोलक कधीच निखळलाय, आणि मुलं ती हातात घेऊन तोंडानं "टिंग" म्हणतात.