चापेकर चौकातला पुतळा

चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, चौकातल्या त्या लोकांनी खून केला ना? मग त्यांचा पुतळा कसा?" मागून आजी "असं बोलू नये गं" म्हणाली आणि मीही काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. मग रात्रभर तेच डोक्यात.

चापेकर बंधू तिघे, आपल्या चिंचवडचेच: दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. १८९७ साली पुण्यात प्लेग होता आणि प्लेग कमिटीचा प्रमुख होता रँड नावाचा साहेब. त्याचे सोजीर घरोघर झडत्या घेत, बुटांसकट देवघरात शिरत, बायकांनाही तपासत, सामान जाळत, माणसं उचलून छावणीत नेत. साथ आवरायला काहीतरी करणं भागच होतं म्हणा, पण ज्याच्या माजघरात सोजीर घुसला त्याला ते कोण पटवणार? २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून साहेबांच्या बग्ग्या निघाल्या. "गोंद्या आला रे" ही ठरलेली हाक. दामोदरनं रँडवर गोळी झाडली. रँड ३ जुलैला मेला.

आमच्या शाळेत हे नाटक बसवलं होतं. वर्गातल्या सगळ्यात गोऱ्या पोराला आणखी पावडर थापून रँड केला. हाक मारायचं काम माझ्याकडे. मी ती इतक्या जोरात मारली की मागच्या रांगेतले आजोबा दचकून उठले. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं.

त्या नाटकात आयर्स्ट नव्हताच. बेत रँडचा होता, पण त्या रात्री बाळकृष्णाच्या गोळीनं मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागी गेला. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढे ज्या द्रविड बंधूंनी पोलिसांना खबर दिली, त्यांनाही १८९९ च्या फेब्रुवारीत वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी गोळ्या घातल्या. ते द्रविडही पुण्याचेच. दामोदरला १८९८ च्या एप्रिलमध्ये फाशी झाली, बाळकृष्ण, वासुदेव आणि रानडेला १८९९ च्या मे महिन्यात. एका आईची तिन्ही मुलं.

माझं मत विचारशील तर रँडवरचा राग मला समजतो. अर्ज, वर्तमानपत्रं, सगळं करून लोक थकले होते आणि सत्ता परक्याची होती. त्या तिघांना माथेफिरू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आयर्स्टच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. "अशा कामात असं होतंच," असं मोठी माणसं म्हणतील. ते मला पटत नाही. (दामोदरला सुधारकांचाही भयंकर तिटकारा होता, हेही आम्हाला नंतरच कळलं.)

इथं डब्लिनला तुमची सहल जीपीओत, म्हणजे इथल्या मोठ्या पोस्टात गेली होती, आठवतं? इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे वीर तिथं आहेतच, पण आतल्या अंगणात त्या आठवड्यात मेलेल्या ४० मुलांचंही स्मारक आहे. तू घरी येऊन म्हणाली होतीस, "त्यांना कोणी विचारलं नव्हतं."

तेव्हा पुतळ्याला नमस्कार कर. मीही दर वेळी करतो. आणि आजीला आयर्स्टबद्दल विचार. ती रागावेल, मग चहा टाकेल, मग बोलेल. काय म्हणाली ते मला कळव.

बाबा