लिस्बनला जन्म नोंदवलाय, पंचायतीला उभं राहू का?

फोंड्याच्या एका दादांनी विचारलंय: वडील 1956 चे, चुलत्याने एजंटाकरवी आधी वडिलांचा आणि मग यांचा जन्म लिस्बनला नोंदवून घेतला, पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला नाही, आता पंचायतीला उभं राहायचंय, अडचण येईल का?

दादा, गोंयकार मूळचेच पोर्तुगीज म्हणून दोन्हीकडचं नागरिकत्व चालतं हे एजंटाने सांगितलं ना, ते साफ खोटं आहे. 28 मार्च 1962 च्या आदेशाने, 20 डिसेंबर 1961 च्या आधी ज्यांचा स्वतःचा किंवा आईवडील, आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म गोवा, दमण, दीवमध्ये झाला ते सगळे भारतीय झाले, आणि ज्यांना पोर्तुगीजच राहायचं होतं त्यांना महिनाभरात तसं लेखी द्यायचं होतं. फादर मोंतेरो या गोव्यातल्या पाद्रींनी तसं लेखी दिलं आणि गोव्यातच राहिले, मग राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर खटला झाला आणि 1969 साली सुप्रीम कोर्टानेही त्यांना परदेशीच धरलं. म्हणजे तेव्हापासूनच दोन्ही हातात ठेवायची सोय नव्हती.

पोर्तुगाल मात्र तुमच्या वडिलांना जन्मापासून आपलाच मानतो, त्यांच्या लेखी नोंदणी म्हणजे जुनीच गोष्ट कागदावर आणणं. पण ते भारतावर बंधनकारक नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 एवढंच बघतं की तुम्ही स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं का, घेतलं असेल तर भारताचं आपोआप गेलं, पासपोर्ट काढा नाहीतर नका काढू. वाद झालाच तर निर्णय केंद्र सरकार देतं.

म्हणून तुमचं सगळं त्या लिस्बनच्या नोंदणीच्या फाईलवर आहे. अर्जावर सही तुमची की दुसऱ्याच कुणाची, तेव्हा तुम्ही सज्ञान होता का, आणि मुख्य म्हणजे पोर्तुगालचं सिटिझन कार्ड घेतलंय का? नुसती नोंद असेल आणि तीही तुम्हाला न विचारता झाली असेल तर भांडायला जागा आहे, आणि मी तरी भांडेन. पण सही करून कार्ड घेतलं असेल तर ते कार्ड पोर्तुगीज नागरिक म्हणूनच मिळतं, मग बचाव फार कमकुवत होतो, अशा वेळी कृपा करून उमेदवारी अर्ज भरू नका, मी भारतीय नागरिक आहे असं खोटं लिहून दिलं तर फौजदारी मागे लागेल. आणि भारताचं नागरिकत्व गेलेल्यांना मिळतं ते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) काढलं तरी त्यावर निवडणूक लढवता येत नाही, मतही देता येत नाही.

एजंटाकडून सगळ्या कागदांच्या प्रती आधी मागून घ्या, आणि तोवर पोर्तुगीज पासपोर्टसाठी कुठेच सही करू नका.