इमॅटिनिब चालू असताना आकडा वाढला

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आमच्या ह्यांना चार वर्षांपूर्वी सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) निघाला, तेव्हापासून त्यावरची इमॅटिनिब ४०० ही गोळी रोज चालू आहे. रक्तात आजार किती उरलाय हे दाखवणारं बीसीआर-एबीएल ०.०६ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, यावेळी एकदम २.८ टक्के आलं. डॉक्टरांनी म्यूटेशन टेस्ट (कॅन्सरच्या पेशींच्या जीनमध्ये बदल झालाय का ते बघणारी) सांगितलीय. दीर म्हणतात, टीबीसारखी तीन-चार औषधं पहिल्यापासून एकत्र दिली असती तर ही वेळच आली नसती. खरंय का? आणि तोवर डोस डबल करू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, स्वतःच्या मनाने डोस डबल करू नका आणि गोळी बंदही करू नका, हे सगळ्यात आधी.

आता मला सांगा, गोळ्या चुकतात का? रागवायला नाही विचारत, पण रात्री पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, मळमळतं, मग माणूस घरच्यांना न सांगता मधेच एखादी गोळी गाळतो, आणि महिन्याला तीनच्या वर गोळ्या चुकल्या तरी आकडा ०.१ च्या खाली राहणं फार अवघड होतं. म्हणून ह्यांना एकदा शांतपणे विचाराच. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगा, त्यांच्यामुळे लिव्हर इमॅटिनिब भराभर संपवून टाकतं. आणि दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, आकड्यापुढे आयएस (म्हणजे इंटरनॅशनल स्केल, सगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून ठरवलेलं एकच माप) लिहिलंय का, बघून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर म्यूटेशनची शंका खरी. ह्या कॅन्सरच्या पेशींना वाढवतं ते बीसीआर-एबीएल प्रोटीन, आणि इमॅटिनिब त्याच्या एबीएल भागाच्या एका खाचेत बसून त्याचं काम थांबवतं. काही पेशींत त्या खाचेचा आकारच बदललेला असतो, गोळीने बाकीच्या पेशी मरतात आणि ह्या मागे राहून वाढतात. म्हणूनच टेस्टआधी औषध बदलायची घाई नको. डासाटिनिब आणि निलोटिनिब ह्या इमॅटिनिबपेक्षा जोराच्या गोळ्या, पण एफ३१७एल नावाचं म्यूटेशन निघालं तर डासाटिनिब नको, निलोटिनिब चालतं. वाय२५३एच असेल तर बरोबर उलटं. आणि टी३१५आय निघालं तर ही दोन्ही फेल, तिथे पोनाटिनिब लागतं किंवा असिमिनिब, जे त्या खाचेत बसतच नाही, प्रोटीनला दुसरीकडूनच पकडतं.

दीरांचा विचार चुकीचा नाही, टीबीत तसंच करतात. पण सीएमएलमध्ये बहुतेकांना एकाच गोळीवर वर्षानुवर्षं छान चालतं, आणि दोन एकत्र दिल्या तर साइड इफेक्ट्सचीच बेरीज होते. पहिल्यापासून जोराची गोळी दिली तर आकडा लवकर उतरतो हे खरं, पण मोठ्या ट्रायल्समध्ये एकूण आयुष्यात फारसा फरक दिसला नाही. तेव्हा इमॅटिनिबने सुरुवात केली ह्यात काहीच चुकलेलं नाही, ते मनातून काढून टाका.

नवीन गोळीची पथ्यं मात्र वेगळी. निलोटिनिब उपाशीपोटी, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. डासाटिनिबबरोबर अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि दम लागला तर लगेच दाखवायचं, छातीत पाणी होऊ शकतं. ह्यांना शुगर, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर औषध ठरायच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला, पोनाटिनिब आणि निलोटिनिबमध्ये रक्तवाहिन्या ब्लॉक होण्याचा धोका असतो.