मुंबईत डेव्हिड ससून राहायचे ते घर अजून उभं आहे का?

हो, आहे. भायखळ्याला राणीच्या बागेजवळ मसिना हॉस्पिटल आहे ना, त्याची जुनी इमारत म्हणजेच एकोणिसाव्या शतकातले बडे व्यापारी आणि दानशूर ससूनसाहेब यांचा 'सां सूसी' बंगला. या फ्रेंच नावाचा अर्थ 'निश्चिंत'.

माझी मावशी तिथे आठवडाभर ॲडमिट होती. पहिल्या दिवशी डबा घेऊन आत शिरले आणि त्या भव्य लाकडी जिन्यापाशी पायच थबकले. कठडा इतका गुळगुळीत की वाटलं, किती पिढ्यांचे हात इथून फिरले असतील! तेव्हा घर कोणाचं हे मला ठाऊक नव्हतं. मावशीनेच सांगितलं, आणि मग मी वाचतच सुटले.

ससून मूळचे बगदादचे, जन्म १७९२चा. वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे तुर्की सुभेदारांचे, खजिनदार. पुढे दाऊद पाशाचा जाच असह्य झाला, तेव्हा घर सोडून आधी इराणातलं बुशहर गाठलं आणि १८३२च्या सुमारास मुंबई. अरबी, हिब्रू, फारसी, हिंदुस्तानी यायची, इंग्रजी नाही. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व मिळालं तेव्हा सही केली ती हिब्रूत. मला हा माणूस इथे सगळ्यात जवळचा वाटतो.

पैसा मात्र कापसाइतकाच, किंबहुना जास्त, चीनला जाणाऱ्या अफूतून आला. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या ससून रुग्णालयाबद्दल कृतज्ञता बाळगतानाही हे विसरता कामा नये.

अनेकजण त्यांना आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली या ज्यू समाजातले समजतात, तसं नाही. तेल गाळणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाणारा तो मराठी बोलणारा समाज ससूनांच्या कितीतरी आधीपासून इथला. ससून बगदादी ज्यू. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांनीच बांधवलं.

१८६४ साली ते पुण्यातल्या 'गार्डन रीच' बंगल्यात वारले. त्यांची कबर तिथल्या 'लाल देऊळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगच्या आवारात आहे. भायखळ्याच्या घरात आता डॉ. होरमसजी मसिनांनी १९०२ साली सुरू केलेलं रुग्णालय चालतं.

बघायला जाणार असाल तर भेटीच्या वेळेत जा, आधी परवानगी विचारा आणि वॉर्डाकडे कॅमेरा वळवू नका. जिना मात्र नीट, खालपासून वरपर्यंत बघा.